फॉरवर्ड केलेल्या मेलची प्रत कशी ठेवावी: आउटलुक आणि थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी

वाशी, सानपाडा, बेलापूरमध्ये न्हावाशेवा बंदराच्या कामावर चालणारी कितीतरी छोटी ऑफिसं आहेत. तिथला निम्मा दिवस फॉरवर्ड करण्यातच जातो. शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, म्हणजे माल सोडण्याची परवानगी) आली की ती ट्रान्सपोर्टरला, पार्टीने इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवली की ती डॉक्युमेंटेशनवाल्याला, सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचं, बिल आलं की ते पार्टीला. सगळं सुरळीत चाललेलं असताना या मेलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण कंटेनर उशिरा निघतो, डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस अडकवल्याचा आकार) लागतं आणि ट्रान्सपोर्टर म्हणतो, "शेठ, डीओचा मेल आलाच नाही हो." मग शोधाशोध सुरू होते. पाठवलेली प्रत सापडली तर विषय तिथेच मिटतो. नाही सापडली तर भुर्दंड कोणी भरायचा यावर दिवसभर हुज्जत.

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचंही काही वेगळं नसतं. बिल्डरचा मेल कमिटीला पुढे पाठवला होता की नाही, हा वाद वार्षिक सभेतच निघतो.

अशा वेळी बरेच जण मूळ मेल उघडून दाखवतात. आउटलुकमध्ये त्याच्या वरच्या पट्टीवर तो अमुक तारखेला, अमुक वाजता फॉरवर्ड केल्याची ओळ दिसते, थंडरबर्डमध्ये मेलशेजारी छोटा बाण येतो. या खुणेवरून एवढंच कळतं की मेल पुढे गेला. कोणाला गेला, सोबत काय लिहिलं होतं, अटॅचमेंट तीच होती का, हे कळायला पाठवलेल्या मेलची प्रतच लागते.

पाठवणं वेगळं, प्रत ठेवणं वेगळं

जुन्या ऑफिसात पत्र पोस्टात टाकणं हे एक काम आणि जावक बारनिशीत त्याची नोंद करणं हे दुसरं. मेलचंही तसंच आहे. तुम्ही सेंड दाबलं की प्रोग्राम तो मेल एसएमटीपी सर्व्हरकडे, म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरकडे, देतो. सर्व्हर तो पुढे ढकलतो आणि मोकळा होतो. सेंट फोल्डरमध्ये प्रत टाकण्याचं काम त्यानंतर प्रोग्राम स्वतः करतो. खातं आयमॅपवर असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहून सगळ्या उपकरणांवर दिसत असतील, तर तीच मजकूर-अटॅचमेंट पुन्हा एकदा अपलोड करून.

एवढं ध्यानात आलं की बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. मेल समोरच्याला मिळालाय पण सेंटमध्ये नाही, म्हणजे पहिलं काम झालं आणि दुसरं राहिलं. ते राहतं ते तीन कारणांनी: सेटिंगमध्ये खूण नाही, प्रत भलत्याच फोल्डरमध्ये जाते, किंवा अपलोड मध्येच तुटतं.

आउटलुक (क्लासिक)

फाइल मेनूतून ऑप्शन्स उघडा आणि डावीकडे मेल निवडा. उजवीकडे खाली सरकत गेलात की 'सेव्ह मेसेजेस' नावाचा भाग येतो. त्यात 'सेव्ह कॉपीज ऑफ मेसेजेस इन द सेंट आयटम्स फोल्डर' आणि 'सेव्ह फॉरवर्डेड मेसेजेस' अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत. दोन्हींवर खूण हवी. फॉरवर्डची चौकट वेगळी असते हेच अनेकांच्या गावी नसतं. मेलबॉक्स भरत आला म्हणून कोणीतरी ती खूण काढून टाकतो. नवे मेल आणि उत्तरं सेंटमध्ये येत राहतात, त्यामुळे फॉरवर्ड गायब आहेत हे लवकर लक्षातही येत नाही.

तिथेच आणखी एक पर्याय दिसेल: इनबॉक्सबाहेरच्या फोल्डरमधल्या मेलला उत्तर दिलं तर ते उत्तर त्याच फोल्डरमध्ये ठेवण्याचा. पार्टीवार फोल्डर करणाऱ्यांना तो मोहात पाडतो. माझं मत विचाराल तर तो बंदच बरा. पाठवलेलं सगळं एका जागी असलं की शोधणाऱ्याला चार फोल्डर पालथे घालावे लागत नाहीत.

थंडरबर्ड

इथे अकाउंट सेटिंग्जमध्ये जा. डावीकडे तुमच्या खात्याखाली 'कॉपीज अँड फोल्डर्स' आहे. 'प्लेस अ कॉपी इन' या चौकटीवर खूण करा आणि खाली फोल्डर निवडा. हे सेटिंग प्रत्येक खात्यासाठी वेगळं असतं. इम्पोर्टचा एक आयडी, अकाउंट्सचा दुसरा असं असेल तर दोन्हीकडे जाऊन बघा.

फोल्डर निवडताना घाई नको. थंडरबर्ड प्रत 'सेंट'मध्ये टाकतोय, फोनवरचं अॅप 'सेंट आयटम्स'मध्ये आणि वेबमेल तिसरीकडेच, असा घोळ होस्टिंग कंपनीकडून घेतलेल्या मेलबॉक्समध्ये हमखास दिसतो. वेबमेल ज्या फोल्डरमध्ये प्रत ठेवतं तोच 'अदर' या पर्यायातून निवडा, म्हणजे सगळ्यांची जावक एकाच ठिकाणी जमा होईल.

जीमेलचं खातं मात्र वेगळं. जीमेलच्या सर्व्हरमार्फत गेलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतःच ठेवतं. म्हणून तिथे थंडरबर्डमधली ही खूण बरेचदा आधीपासूनच काढलेली असते. ती रिकामी दिसली म्हणून दचकू नका. एक मेल फॉरवर्ड करून बघा, सेंट मेलमध्ये आला की झालं.

लगेच तपासा

सेटिंग बदललं म्हणजे काम झालं असं धरू नका. अटॅचमेंट असलेला एखादा जुना मेल तुमच्याच दुसऱ्या आयडीवर फॉरवर्ड करा. आधी प्रोग्राममधला सेंट फोल्डर बघा, मग ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून तिथला सेंट बघा. दोन्हीकडे प्रत असेल आणि ती उघडल्यावर अटॅचमेंटही उघडत असेल, तर निश्चिंत व्हा.

प्रोग्राममध्ये आहे आणि वेबमेलवर नाही, असं दिसलं तर खातं पॉपवर, म्हणजे मेल कम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या पद्धतीवर, असण्याची दाट शक्यता आहे. पॉपमध्ये सेंट फोल्डर फक्त त्या एका कम्प्युटरवर असतो. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'ची खूण असली तरी ती आलेल्या मेलपुरती, गेलेल्या मेलशी तिचा संबंध नाही. एकच आयडी तीन टेबलांवर पॉपने चालवला जातो तिथे एकाने काय पाठवलं ते दुसऱ्याला दिसायची सोयच नसते. तो सुट्टीवर गेला की त्याची जावकही सुट्टीवर. त्याला खरा उपाय एकच, आयमॅपने खातं नव्याने जोडणं. तसं करण्याआधी जुन्या पॉप खात्यातले मेल हलवून घ्या, थेट खातं डिलीट करू नका.

प्रत टाकताना अडकलं तर

मोठी पीडीएफ फॉरवर्ड करताना खिडकी बराच वेळ अडकून राहते. थंडरबर्ड तेव्हा प्रत सेंट फोल्डरमध्ये टाकत असल्याचं खाली लिहून दाखवतो. म्हणजे मेल गेलेला आहे, फक्त नोंद चालू आहे. इथे कंटाळून कॅन्सल दाबलं की प्रत ठेवायची राहून जाते. मग मेल गेलाच नाही असं समजून माणूस तो पुन्हा पाठवतो, आणि समोरच्याकडे एकच डीओ दोनदा पोचते. थोडं थांबा. प्रत ठेवता आली नाही अशी सूचना आलीच तर पुन्हा प्रयत्न करण्याचा पर्याय घ्या, आणि मेलबॉक्सचा कोटा भरलाय का तेही बघा.

अटॅचमेंट मेलमध्ये जाताना मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, त्यामुळे 20 एमबीच्या स्कॅनलाही तिथे अडचण येऊ शकते. स्कॅन करतानाच रिझोल्यूशन कमी ठेवलं तर मेलही लवकर जातो आणि प्रतही.

महत्त्वाचा मेल अटॅचमेंट म्हणून पाठवा

नेहमीच्या फॉरवर्डमध्ये मूळ मेलचा मजकूर तुमच्या मेलमध्ये उतरतो. तो तुम्ही बदलू शकता, आणि म्हणूनच वादात समोरचा त्यावर बोट ठेवू शकतो. मूळ मेल जसाच्या तसा, हेडरसकट (तो कोणाकडून, कधी, कुठल्या मार्गाने आला ही माहिती) पुढे जायला हवा असेल तर आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकदम दाबा. थंडरबर्डमध्ये मेसेज मेनूतल्या 'फॉरवर्ड अॅज'मध्ये 'अटॅचमेंट' निवडा. मग सेंटमधल्या प्रतीतही मूळ मेल आतल्या आत अख्खा राहतो. रोजच्या डीओसाठी हा खटाटोप नको, फोनवर अशी फाइल उघडताना ड्रायव्हर वैतागतो. दर बदलल्याचा, क्लेमचा किंवा संशयास्पद मेल असेल तर मात्र असाच पाठवा.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर नुसती छापील प्रत चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून प्रिंट काढली तरी मेलबॉक्समधली प्रत पुसू नका.

फॉरवर्ड वेगळे बघायचे असतील तर

त्यासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये मेल हलवत बसायची गरज नाही. थंडरबर्डमध्ये फाइल मेनूतल्या 'न्यू'खाली 'सेव्ह्ड सर्च' आहे. सेंट फोल्डर निवडा, विषयात 'एफडब्ल्यूडी' आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके, म्हणजे कोलन, अशी अट घाला (ही अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची) आणि नाव द्या. आउटलुकमध्ये सर्च फोल्डर असतो, पण तिथे विषयात फक्त 'एफडब्ल्यू' लागतं. मेल जागचे हलत नाहीत, फक्त गाळून दिसतात.

आपोआप फॉरवर्डिंगचं प्रकरण निराळं आहे. जीमेलच्या सेटिंगमधून येणारा प्रत्येक मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवला असेल तर तो तुमच्या सेंटमध्ये कधीच दिसणार नाही, कारण ते काम तुमचा प्रोग्राम करत नाही. तिथे फॉरवर्डिंगच्या टॅबमध्ये, मूळ मेलचं काय करायचं ते विचारलेलं असतं. त्यात प्रत इनबॉक्समध्ये ठेवण्याचा पर्याय निवडा. डिलीटचा पर्याय चुकूनही नको.

पॉपवरच राहायचं असेल तर बॅकअप घ्या. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. प्रोग्राम बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. सेंट फोल्डर ही त्यातली एकच मोठी फाइल असते, आणि फॅट32 फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॉपी मध्येच थांबली तर पेनड्राइव्हमधला इतर डेटा काढून घेऊन तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.