गावाशेजारी लष्करी ड्रोनच्या चाचण्या होतायत? विरोध करायचा तर आधी कागद गोळा करा

नुसतं "ड्रोन नको" म्हणून मोर्चा काढला की देशविरोधी म्हणून शिक्का मारायला सोपं जातं, म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवा की नेमकं काय हवंय, उड्डाणाचा मार्ग वस्तीवरून नको, की गायरान परत पाहिजे, की नुकसानभरपाई.

लोक घाबरतात ते उगाच नाही. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ डीआरडीओची, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेची, टेस्ट रेंज आहे, त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०१९ मध्ये रुस्तम-२ ड्रोन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तापस ड्रोन शेतात कोसळलं. वेल्समध्ये ॲबरपोर्थला २०१८ साली वॉचकीपर ड्रोन उतरताना जमिनीला टेकलं हे त्याच्या सिस्टिमला कळलंच नाही, ते आपोआप परत वर निघालं, क्रूने इंजिन बंद केलं आणि ते झाडावर आदळलं, जवळच प्राथमिक शाळा! हे सगळं बाहेर आलं कारण तिथला चौकशी अहवाल जाहीर झाला. आपणही तेच मागायचं.

आता आरटीआय, म्हणजे माहिती अधिकार. बरेच जण अर्ज थेट डीआरडीओला टाकतात आणि तिथेच अडकतात, कारण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडले तर ती संस्था २००५ च्या कायद्यातून कलम २४ ने वगळलेली आहे. अर्ज जिल्हाधिकारी आणि तहसील कार्यालयात टाका. जमीन कुठल्या आदेशाने दिली, किती एकर, आधी गायरान होतं का, भरपाई कोणाला मिळाली. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. "सुरक्षेचा विषय" म्हणून अख्खा अर्ज फेटाळला तर कलम १० दाखवा, गुप्त तेवढं वगळून बाकीचं मागता येतं.

सोबत एक वही ठेवा, तारीख, वेळ, दिशा, किती खालून गेलं, जनावरं बिथरली का. हे सगळ्यात नीट सांगतील ती गुरं चारणारी माणसं, त्यांना मीटिंगला बोलवाच. फोटो आपल्या नुकसानीचे काढा, लष्करी तळाकडे कॅमेरा अजिबात नको, शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि अजून लागू आहे.

शेतात तुकडे पडले तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, पोलिसांना कळवा आणि तलाठ्याकडून पिकाचा पंचनामा करून त्याची प्रत घ्या. मग ग्रामसभेचा ठराव, त्यात वहीतल्या नोंदी जोडून जिल्हाधिकारी आणि खासदारांना द्या, खासदारांना संसदेत प्रश्न विचारायला सांगा, आणि दोन्हीकडून पोच घेतल्याशिवाय निघू नका.