कानाचं मशीन डबीत आणि आप्पा गप्प: या चुका टाळा

आमच्या आप्पांचं कानाचं मशीन दीड वर्ष टीव्हीखालच्या खणात होतं. मूळ डबीत, पावतीसकट. त्याच काळात घरात दुसरीच कुजबुज सुरू झाली होती: आप्पा हल्ली फार विसरतात.

त्यासाठी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. आप्पांनी ‘आंबा’ एवढाच सांगितला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, “मशीन लावत नाहीत का?” मी खणाचा विषय काढला नाही. पुढच्या खेपेला मशीन लावून गेलो, तेव्हा तिन्ही शब्द आले.

तर पहिली चूक हीच. जे नीट ऐकूच आलं नाही, ते लक्षात कुठून राहणार? स्मरणशक्तीच्या तपासणीआधी कान दाखवून घ्या. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो. मशीन असेल तर ते लावूनच तपासणीला बसवा. उलटही लक्षात असू द्या: मशीन लावूनही रोजचा रस्ता चुकत असेल, पैशांचा हिशेब लागत नसेल, तर ‘कानामुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी चूक व्हॉट्सअॅपवरची. ‘मशीन लावा, डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश) टाळा’ असा सरळ हिशेब नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये 639 जणांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. थोडं कमी ऐकू येणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात जवळजवळ पाचपट दिसलं. हा संबंध झाला, कारण सिद्ध झालं असं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे 14 धोके दिले आहेत. त्यांत कमी ऐकू येण्याचा वाटा 7 टक्के धरलाय, पण तो अख्ख्या लोकसंख्येचा. तुमच्या आजोबांचा धोका मशीनने 7 टक्क्यांनी उतरेल, असा त्याचा अर्थ नाही.

मशीनची थेट परीक्षा ‘अचीव्ह’ या चाचणीत झाली. 70 ते 84 वयाचे 977 लोक, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर बुद्धीच्या घसरणीत फारसा फरक नाही. मात्र ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्या गटात घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. आणि मशीन लावणाऱ्यांत डिमेन्शिया कमी दिसतो असं सांगणारा, ब्रिटनमधल्या लोकांच्या माहितीवरचा 2023 मधला एक गाजलेला अभ्यास त्याच वर्षाअखेर मागे घ्यावा लागला, कारण संगणकावर माहिती हाताळताना मशीन वापरणारे आणि न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती. त्याच्या बातम्या मात्र अजून फिरताहेत. मला विचाराल तर मशीन लावायला डिमेन्शियाची भीती घालायची गरजच नाही. माणूस पंगतीत बोलायला लागतो, एवढं कारण पुरे.

आता मशीनकडे. वयोमानाने आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ पोचतात. स, फ, त यांच्या कडा झिजतात, ‘सात’चा ‘हात’ होतो. म्हणूनच म्हातारी माणसं म्हणतात, “ऐकू येतं रे, पण कळत नाही.” ऑनलाइन मिळणारं स्वस्त ‘आवाज वाढवणारं’ यंत्र सगळंच सरसकट मोठं करतं, भांड्यांच्या खणखणाटासकट. ऑडिओग्रॅम (ऐकण्याचा आलेख) काढून, त्यानुसार ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, सेटिंग करून घेतलेलं मशीनच घ्या. ओरडून बोलल्यानेही ‘सात’ स्पष्ट होत नाही. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, जरा सावकाश बोला.

बरीच मशिनं सुरुवातीच्या दिवसांतच डबीत जातात. आप्पांचंही तसंच झालं. पहिल्याच दिवशी ते लग्नाच्या हॉलमध्ये लावून गेले आणि डोकं धरून परत आले. दुसऱ्यांदा आम्ही सुरुवात घरात केली: सकाळी दोन तास, एकाच माणसाशी गप्पा. तिसऱ्या दिवशी त्यांची तक्रार आली, “पंखा कुरकुरतोय.” तो खरंच कुरकुरत होता. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. दरम्यान एकदोनदा सेटिंग बदलून आणावं लागतं. त्याचा कंटाळा करू नका.

शिट्टी वाजतेय? कानात नीट बसलेलं नसतं, मोल्ड (कानात बसणारा साचा) सैल झालेला असतो किंवा कानात मळ असतो. वरून मफलर गुंडाळला तरी वाजते. आवाजच बंद? आधी सेल बघा, मग टोकाला अडकलेला मळ सोबतच्या ब्रशने काढा, टाचणीने नको. कानात हेअरपिन आणि कोमट तेलही नको. बटणासारख्या सेलचा स्टिकर काढला की हवा लागून तो खर्ची पडायला लागतो. आप्पांनी एकदा पाकिटातल्या सहाही सेलचे स्टिकर काढून ठेवले होते, “तयार असावेत” म्हणून! एकच काढा, दोन-चार मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा. पावसाळ्यात मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, हेअर ड्रायरने वाळवू नका.

पैशांची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. 65 वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यास, एकदाच 3000 रुपये मिळतात. एवढ्यात चांगलं मशीन येणं अवघड, पण हातभार लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांच्या राष्ट्रीय संस्थेतही तपासणी होते.

हे सगळं हळूहळू कमी होत गेलेल्या ऐकण्याबद्दल. रात्री झोपताना ठीक असलेला एक कान सकाळी अचानक बंद झाला, तर मशीनचा विचार नंतर. त्यावरच्या औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत जास्त होतो. मळ असेल म्हणून चार दिवस थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.