हरभऱ्यातील घाटेअळी : झाडाचा प्रतिकार ओळखून फवारणीचा निर्णय कसा घ्यावा

हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर जी आंब साचते, ती या पिकाची पहिली संरक्षक फळी आहे. बारीक ग्रंथियुक्त लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले पाझरतात व ऑक्झॅलिक आम्लाने कोवळ्या अळीची वाढ खुंटते. अळीने पान कुरतडले की जखम आणि अळीची लाळ या दोन्हींवरून झाडाला हल्ल्याची चाहूल लागते, जास्मोनिक आम्ल हे संरक्षणाचा इशारा देणारे संप्रेरक तयार होते आणि अळीचे प्रथिनपचन रोखणारी द्रव्ये वाढतात. ही दुसरी फळी मात्र घाटेअळीपुढे तोकडी पडते. अळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्यातील ही द्रव्येच निकामी करू शकतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले.

कळ्या दिसताच हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) लावावेत. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग सापडू लागले, की पाहणी सुरू करावी.

पाहणी करताना बहुतेकांची गल्लत होते, कारण ते अळीऐवजी छिद्रे मोजतात. घाट्याला छिद्र पडलेले दिसते तेव्हा अळी मोठी झालेली असते आणि तिच्यावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. शोधायची ती त्याआधीची अवस्था. शेंड्याकडील कोवळी पर्णिका उजेडासमोर धरावी. हिरवा भाग खरवडला जाऊन पातळ, पांढुरका पापुद्रा उरला असेल, तर लहान अळी त्याच फांदीवर असते. अंडी खसखशीच्या दाण्याएवढी, पिवळसर पांढरी आणि सुटी घातलेली असतात. शेतात नागमोडी चालत १० ठिकाणी प्रत्येकी १ मीटर ओळ तपासावी आणि अळ्या लहान व मोठ्या अशा वेगळ्या नोंदवाव्यात. केवळ एकूण आकडा लिहिणे म्हणजे अर्धीच पाहणी. पाऊस होऊन आंब धुतली गेली असेल, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाहावे. जुन्या नोंदीवर विसंबू नये.

मित्रकीटकांविषयी एक सल्ला सर्रास दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही : हरभऱ्यात ट्रायकोकार्ड, म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी माशीची कार्डे, लावा. ज्या आंबेमुळे अळी जेरीस येते, तिच्यातच ट्रायकोग्रामाची इवलीशी माशीही अडकते. कार्डांचा खर्च वाया जातो. कॅम्पोलेटिस ही परोपजीवी माशी मात्र या पिकात चांगली टिकते. तिचे करडे, काळसर ठिपक्यांचे कोष पानांवर दिसत असतील आणि अळ्या पुढे दिलेल्या मर्यादेखाली असतील, तर रासायनिक फवारणीची घाई करणे हा शुद्ध नुकसानीचा व्यवहार आहे.

दर मीटर ओळीत सरासरी १ ते २ अळ्या आढळल्या आणि त्यांत लहान अळ्यांचे प्रमाण जास्त असले, तरच फवारावे. प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यासाठी ५ किलो निंबोळी. त्यानंतरही अळ्या राहिल्या, तर एचएएनपीव्ही हा घाटेअळीला रोग जडवून मारणारा विषाणू वेष्टनावरील मात्रेत घ्यावा आणि ऊन उतरल्यावरच फवारावा, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तो निष्प्रभ होतो. पुढे काही दिवसांनी शेंड्यांवर उलट्या लटकलेल्या, काळवंडलेल्या अळ्या दिसतात. त्या वेचून टाकू नयेत, कारण त्या फुटल्यावर बाहेर पडणारा विषाणू उरलेल्या अळ्यांपर्यंत पोहोचतो.