ऑटोमिक्स मॉडेल फसतं कुठे? या चुका टाळा

आठ ट्रॅकचं अभंगाचं रेकॉर्डिंग होतं. मुख्य आवाज, कोरसचे दोन माइक, पेटी, पखवाजाला दोन माइक, टाळ आणि तानपुरा. ऑटोमिक्स मॉडेलने, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक आपोआप जुळवून एक गाणं करणाऱ्या डीप लर्निंगच्या प्रोग्रॅमने, मिक्स करून दिलं, मी बुवांना ऐकवलं, आणि पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला. "अहो, मी काळी एकला गायलोय. हे पांढरी एकच्याही खाली कसं गेलं?"

मला मात्र तोवर मॉडेलने आवाज काय भरदार केलाय याचंच कौतुक वाटत होतं! रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर होता, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेत होता, आणि माझा कोड प्रत्येक फाइल ४४.१ ची समजून वाचत होता. तेवढ्याने गाणं जवळपास दीड सेमीटोन उतरतं आणि लयही आठेक टक्क्यांनी मंदावते. फाइल उघडताना हा सॅम्पल रेट तपासा आणि वेगळा असेल तर खरोखर रीसॅम्पल करा, म्हणजे नव्या दराने नमुने काढा, नुसता आकडा बदलू नका.

डीप लर्निंगने मिक्सिंग करायला घेतलं की बिघाड नेटवर्कच्या थरांत शोधायची सवय लागते. माझ्या अनुभवात तो तिथे क्वचितच सापडतो. तो असतो फाइलींत, लॉसमध्ये (मॉडेलचं उत्तर किती चुकलं ते मोजणारा आकडा), नाहीतर आपल्या ऐकण्यात.

ओल्या स्टेमवर शिकवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मिक्सिंग शिकवायला जोडी लागते: कोरडे, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावलेले ट्रॅक आणि त्यांचंच पूर्ण झालेलं मिक्स. अशी जोडी सहजी मिळत नाही, म्हणून जो तो एमयूएसडीबी१८ हा गाण्यांचा संच उचलतो. त्यात १५० गाणी आहेत, १०० शिकवायला आणि ५० तपासायला, प्रत्येकाचे चार स्टेम, म्हणजे वाद्यगटांचे वेगळे ट्रॅक: ड्रम्स, बेस, व्होकल्स आणि 'अदर'. पण हा संच बनलाय मिक्समधून आवाज वेगळे काढण्याच्या कामासाठी. त्यातले स्टेम ओले आहेत: ईक्यू (खर्ज-तीव्र स्वरांचा समतोल), कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार आवरणारा), रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी), पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) सगळं आधीच लागलेलं आहे. चारही नुसते एकावर एक ठेवले की मिक्स तयार. मग नेटवर्कला शिकायला उरतं काय? आलंय तसं पुढे ढकल, एवढंच. लॉस झरझर उतरतो, आपण खूश होतो, आणि खऱ्या कोरड्या ट्रॅकसमोर मॉडेल ढिम्म बसतं.

२०२२ मध्ये सोनीतल्या संशोधकांनी यावर एक हुशार तोडगा मांडला. ओल्या स्टेमचा ईक्यू, डायनॅमिक्स (आवाजाचा चढउतार), पॅन, लाउडनेस (कानाला जाणवणारा मोठेपणा) संचाच्या सरासरीवर आणून ठेवायचा, म्हणजे मिक्स करणाऱ्याची कलाकुसर बरीचशी पुसली जाते. मग मूळ आवाज परत मिळवायला नेटवर्कला लावायचं. फक्त प्रत्यक्ष वापरताना तुमच्या नव्या ट्रॅकवरही हीच पायरी चालवावी लागते. ती विसरलात तर मॉडेलला कधीच न पाहिलेला माल मिळतो, आणि गायक विहिरीतून ओरडल्यासारखा ऐकू येतो. कच्चेच ट्रॅक हवे असतील तर मेडलीडीबी बघा. २०१४ च्या त्या संचात १२२ गाणी आहेत आणि मिक्सबरोबर कच्चे ट्रॅकही आहेत.

पखवाज म्हणजे किक ड्रम नव्हे

चार खणांच्या मॉडेलमध्ये पखवाज कुठे टाकायचा? मी ड्रम्समध्ये टाकला. डाव्या पुडीला लावलेल्या कणकेने जो घुमारा येतो, तो मॉडेलने किकमधला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममधला) नको असलेला फुगवटा समजून खरवडून काढला. तानपुरा 'अदर'मध्ये गेला आणि गिटारसारखा एका बाजूला सरकला. खण ठरलेले नसलेलं मॉडेल इथे बरं पडतं. २०२१ मध्ये संशोधक स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या डिफरन्शिएबल मिक्सिंग कन्सोल या मॉडेलमध्ये प्रत्येक ट्रॅकवर एकच नेटवर्क चालतं आणि बाकीच्या ट्रॅकची सरासरी माहिती त्याला संदर्भ म्हणून मिळते. ट्रॅक आठ असोत की अठरा, क्रम कसाही असो, त्याचं अडत नाही. तरी आपल्या वाद्यांची काही गाणी घालून शिकवणी द्यावीच लागते.

याला लागूनच लाउडनेसचं. मॉडेलला देण्याआधी सगळे ट्रॅक एकाच लाउडनेसला आणायची पद्धत आहे. आमचे टाळ फक्त शेवटच्या दीड मिनिटात वाजले. त्याआधी त्या माइकवर होता तो शेजारच्या पेटीचा शिरकाव, आणि मी मोजमाप दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांवर करत होतो. वाजत नसलेला टाळांचा ट्रॅक त्यामुळे वीस डेसिबलनी वर आला आणि पेटी दोनदा ऐकू यायला लागली. मोजमाप पूर्ण ट्रॅकवर करा. वाद्य वाजत नसेल तिथे ट्रॅक म्यूट करा, हाताने केलं तरी चालेल.

सगळं मधोमध येतंय?

मग लॉस बघा. शिकवणीतल्या निम्म्या गाण्यांत गिटार डावीकडे असते, निम्म्यांत उजवीकडे. दोन्ही बरोबरच. पण डाव्या-उजव्या चॅनलचा नमुन्यागणिक फरक मोजला, तर कमीत कमी शिक्षा मिळते ती गिटार मध्ये ठेवल्याने. मॉडेल तेच करतं. उपाय त्याच स्टाइनमेट्झ यांच्या कामात आहे: दोन चॅनलची बेरीज आणि वजाबाकी घ्यायची, आणि त्यांच्या स्पेक्ट्रमच्या फक्त मॅग्निट्यूडची, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे याचीच, तुलना करायची. डावं-उजवं अदलाबदल झालं तरी उत्तर तेच येतं. दहा नमुन्यांच्या उशिराने, म्हणजे पाव मिलिसेकंदाहूनही कमी फरकाने लॉस भडकण्याचा त्रासही जातो.

गाण्याचे तुकडे पाडून मग ते ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटू नका. आधी गाणी वाटा, मग तुकडे पाडा. नाहीतर अंतरा शिकवणीत आणि मुखडा परीक्षेत, म्हणजे पेपर फुटलाच.

तुलना करून ऐकताना मॉडेलचं आणि माणसाचं मिक्स एकाच लाउडनेसला आणा. मॉडेलचं मिक्स दोन डेसिबलनी जरी मोठं असलं तरी दहातले आठ जण त्यालाच मत देतील, मीही देईन. कुठलं कुणाचं ते न सांगता ऐकवा, आणि स्पर्धेत ट्रॅकची नुसती बेरीजही ठेवा. आमच्या पहिल्या मॉडेलला त्या साध्या बेरजेनेच हरवलं होतं.

तयार फाइलचं लोणचं घालायचं का?

वेव्ह-यू-नेटसारखं नेटवर्क सरळ मिक्सची फाइलच देतं. ऐकायला छान, पण बुवा म्हणाले, "टाळ थोडे खाली घ्या," तर घेणार कशाने? फेडरच (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी) नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही मॉडेलकडून फक्त आकडे मागितले: प्रत्येक ट्रॅकचा गेन (आवाजाची पातळी), पॅन, रिव्हर्ब किती. ते सॉफ्टवेअरच्या मिक्सरमध्ये भरले. बुवांनी टाळ तीन डेसिबल उतरवायला लावले, पखवाज एक चढवायला लावला. रिव्हर्बचा आकडा मात्र त्यांनी पूर्ण शून्यावर नेला. म्हणाले, "देवळात म्हणायचंय ना? तिथे आहेच तो."