जनरल आराकी सादाओंची चरित्रनोंद कशी लिहावी

कोशांसाठी चरित्रनोंदी लिहितो मी. सगळ्यात जास्त खाडाखोड झालेली नोंद जपानी जनरल आराकी सादाओंची. ‘सैन्य सोडून राजकारणात शिरलेले कट्टर राष्ट्रवादी जनरल’ असं पहिलं वाक्य ठोकून दिलं होतं. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं : ‘कधी सोडलं?’ उत्तर शोधता शोधता अख्खी नोंद फाडावी लागली.

तेव्हा आधी कोऱ्या कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे हुद्दा, उजवीकडे पद. डिसेंबर १९३१ : डावीकडे लेफ्टनंट जनरल, उजवीकडे लष्करमंत्री. म्हणजे गणवेश न उतरवताच गृहस्थ मंत्रिमंडळात बसले! जपानात तेव्हा रीतच तशी होती. या खुर्चीवर नोकरीतला सेनाधिकारीच यायचा, मतदारांचा संबंध नाही. पूर्ण जनरल झाले ते १९३३ मध्ये, मंत्री असतानाच. सक्रिय सेवा संपली मार्च १९३६ मध्ये. मे १९३८ मध्ये शिक्षणमंत्री. ‘राजकारणी’ हा शब्द वापरायचाच, तर इथे वापरा.

१८७७ चा जन्म, सामुराई घराणं, रशियातली नेमणूक हे दोन ओळींत उरका. जागा २६ फेब्रुवारी १९३६ साठी राखा. त्या दिवशी टोकियोत बंड करणारे तरुण अधिकारी आराकींच्या ‘कोदोहा’ला, म्हणजे सम्राटमार्गी गटाला, मानणारे होते. त्यांनी साइतो माकोतो आणि ताकाहाशी कोरेकियो यांना ठार मारलं. आता उजवा रकाना पुन्हा बघा : साइतो पंतप्रधान असताना ताकाहाशी अर्थमंत्री आणि आराकी लष्करमंत्री होते. तिघं एकाच मंत्रिमंडळातले. बंडाचे सूत्रधार आराकी, असं मात्र लिहू नका. बंड मोडलं, गटाची सद्दी संपली आणि आराकींना राखीव यादीत टाकलं, म्हणजे सक्रिय सेवेतून काढलं, एवढंच लिहा. १५ मे १९३२ चा हल्ला वेगळा. त्यात पंतप्रधान इनुकाई गेले आणि मारेकरी नौदलाचे होते. मी एकदा ही गल्लत छापखान्यापर्यंत नेली आहे.

‘युद्धगुन्हेगार’ एवढ्यावर थांबू नका, गुन्हा लिहा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात १९४८ मध्ये त्यांना जन्मठेप झाली ती आक्रमक युद्धाचा कट आणि चीनविरुद्धचं युद्ध यांबद्दल. अत्याचारांच्या आरोपांत ते दोषी ठरले नाहीत. तब्येतीमुळे १९५५ मध्ये सुटका, १९६६ मध्ये मृत्यू.

आणि हो, आराकी हे आडनाव. जपानीत ते आधी येतं. नोंद ‘आ’खाली लावा, ‘सा’खाली नको.