डीसीपीत सबटायटल्स संवादाच्या पुढे पळत होती

९० मिनिटांची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमवर एडिट केलेली. महोत्सवासाठी डीसीपी (थिएटरात दाखवायचं डिजिटल फाइलींचं पॅकेज) २४ वर काढली, फिल्म तेवढी हळू चालली आणि लांबी झाली ९३ मिनिटं ४५ सेकंद. एसआरटी, म्हणजे सबटायटल्सची फाइल, मात्र जुन्याच टाइमिंगची, त्यामुळे पहिल्या मिनिटाला अडीच सेकंदांची चूक, तासाला अडीच मिनिटांची!

आधी सगळी सबटायटल्स सारख्याच वेळाने उशिरा सरकवून पाहिली. उपयोग शून्य, कारण फरक वाढत जातो. वेळा ताणाव्या लागतात. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २५ वरून २४ केला, प्रत्येक वेळ २५/२४ पट झाली. तपासताना शेवटचा संवाद बघा, पहिला नव्हे.

फिल्म हळू चालल्याने आवाज थोडा जड होतो, तो वेगळा ताप. थिएटरला चालत असेल तर सरळ २५ फ्रेमची एसएमपीटीई (डीसीपीचं एक स्टँडर्ड) डीसीपीच द्यावी.