कॉमिकचं पान आखताना या चुका टाळा

एक साधं पान घेऊ. एसटी स्टँड. मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघालाय, आई सोडायला आलीय. जेमतेम दोन वाक्यं बोलून होतात, मुलगा गाडीत चढतो, गाडी सुटते आणि मग आईच्या लक्षात येतं की भाकरीचा डबा आपल्याच हातात राहिला. सहा चौकटींचं काम. नवख्या हातातून हे पान बहुतेक वेळा असं उतरतं: पहिली चौकट भली मोठी, तिच्यात स्टँडच्या पत्र्यापासून झोपलेल्या कुत्र्यापर्यंत सगळं मन लावून काढलेलं. आणि डब्याची चौकट खाली उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. जागाच उरली नाही ना!

थेट मोठ्या कागदावर सुरुवात

पहिली चौकट पुरी करून मग दुसरीचा विचार केला की हे होणारच. यावरचा उपाय म्हणजे थंबनेल, खेळायच्या पत्त्याएवढा कच्चा आराखडा. माणसं काड्यांची, संवादाचे फुगे म्हणजे नुसते गोल. एका पानाचे निदान तीन आराखडे काढा, कारण पहिला कुणालाही सुचला असता तोच असतो. काढण्याआधी एकच ठरवायचं: या पानावरचं काय लक्षात राहायला हवं? आपल्या पानात तो डबा. मग खालचा तिसरा हिस्सा, पूर्ण रुंदीचा, त्याच्या नावावर करून टाका. एका कडेला आई, उरलेला फलाट रिकामा. बाकीच्या पाच चौकटी उरलेल्या जागेत भागवतील. स्टँड लहान झालं तर बिघडत नाही, एसटी स्टँड कसं दिसतं ते वाचकाला माहीत आहे.

नुसते चेहरे

सहा चौकटी आणि सहाही छातीपर्यंतचे चेहरे. हात काढायचे नसतात, गाडी तर त्याहून नको असते, म्हणून कॅमेरा जवळ नेऊन सगळं चौकटीबाहेर ढकललं जातं. (मीही ढकललंय.) पण तोटा बघा: डबा शेवटच्या चौकटीत पहिल्यांदा दिसला, तर तो आला कुठून? पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत लांबचा शॉट हवा, आईच्या हातात डबा, त्याकडे कुणी बोट न दाखवता. मध्ये कुठेतरी फक्त हातांचा जवळचा शॉट: मुलगा बॅग उचलतो, डबा राहतो. वाचकाने तो बघितला पाहिजे, पण त्यावर थांबता कामा नये.

दुसरं टोकही दिसतं. एक चौकट छतावरून, दुसरी टायरखालून, तिसरी तिरकी. कोन बदलला की वाचक त्याचं कारण शोधतो आणि कारण नसलं की दमतो. चार चौकटी डोळ्यांच्या पातळीवर ठेवून एकच वरून घेतली, तर ती बोलते.

माणसांची जागा बदलणं

आई डावीकडे, मुलगा उजवीकडे. पुढच्या चौकटीत उलट. सिनेमातला १८० अंशांचा नियम (दोन माणसांमधून एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा) इथेही लागू आहे, उलट जास्तच, कारण आपल्याकडे चौकटींमध्ये हालचाल नाही, फक्त कोरी पट्टी आहे. ती रेषा ओलांडायचीच असेल तर मध्ये तटस्थ चौकट टाका, उदाहरणार्थ घंटीची दोरी ओढणारा कंडक्टरचा हात.

कोण कुठे उभं राहणार हे चित्रावरून नाही, संवादावरून ठरतं. मराठी डावीकडून वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडे. “पोचलास की फोन कर” हे आई आधी म्हणणार असेल, तर आई डावीकडे आणि “येतो” म्हणणारा मुलगा उजवीकडे. नाहीतर फुग्यांची शेपटं कात्रीसारखी एकमेकांवरून जातात. मूळ उजवीकडून वाचायची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, पाहून हात बसलेल्यांची इथे हमखास चूक होते.

आणि फुग्यांची जागा आराखड्यातच अडवा. इंग्रजी कॉमिकमध्ये मजकूर बहुधा कॅपिटल अक्षरांत असतो, ओळी एकमेकींना खेटून बसतात. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या रफारात अडकतो. शिवाय “सांगितल्याप्रमाणे” हा शब्द अरुंद फुग्यात तोडणार कुठे? इंग्रजी कॉमिक पाहून फुगा आखला तर अक्षरं बारीक करावी लागतात किंवा फुगा आईच्या डोक्यावर येतो. मी आधी संवाद खऱ्या मापात टाइप करतो, फुगा त्याभोवती काढतो आणि मगच माणसं उभी करतो.

वाचक वाट चुकतो

डावीकडे एकाखाली एक दोन चौकटी, उजवीकडे एक उंच. पहिलीनंतर खाली जायचं की उजवीकडे? दोन लहान चौकटींमधली पट्टी अरुंद आणि उंच चौकटीच्या बाजूची रुंद ठेवा, म्हणजे त्या दोघींची जोडी दिसते. तरी शंका राहिली तर उंच चौकट डावीकडे न्या. चार चौकटींच्या मधल्या पट्ट्या अधिकचिन्हासारख्या जुळल्या की हीच अडचण येते. खालच्या ओळीतली उभी पट्टी थोडी सरकवली की सुटते. खात्रीसाठी आराखडा घरातल्या कुणाला तरी द्या आणि वाचताना बोट फिरवायला सांगा. तुम्ही गप्प बसा.

डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, चौकटीच्या रेषेला नेमकी टेकलेली टाळू, दोन खांद्यांची एक झालेली कड: रेषा रेषेला चिकटली की चित्राची खोली मरते. एकतर ठळकपणे झाका, नाहीतर स्पष्ट अंतर ठेवा.

छापायचं असेल तर कडेपर्यंत जाणारं चित्र कापाच्या रेषेबाहेर साधारण ३ मिमी वाढवा, मजकूर आत ठेवा आणि बाकीचं छापखान्याला विचारून घ्या.

पान उलटण्याचा विसर

पुस्तकात विषम पान उजवीकडे येतं, त्यामुळे धक्का सम पानावर, उलटल्यावर. समोरासमोरच्या पानावर ठेवलेला धक्का डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसतो. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरत गोष्ट सांगतात, पुढचं चित्र मागेच असतं. हे तेच. मोबाइलवर खाली सरकवत वाचायच्या कॉमिकला पान नसतं, तिथे हे काम दोन चौकटींमधली मोकळी जागा करते.

मग आपला डबा पुढच्या पानावर नेला तर? गाडी वळणावर दिसेनाशी होते, पान उलटतं, आणि अख्ख्या पानावर आई. जमेल. पण मग या पानावर पाचच चौकटी उरतात, आणि आराखडा पुन्हा काढायला बसावं लागतं.